ब्रिटनमधलं रेपसीड: उतारा वाढला, पण मोजला कुणाचा?

फेनलँडकर (धागाकर्ता)

इथल्या शेतकऱ्यांच्या बैठकांत सध्या एक वाक्य वारंवार ऐकू येतं: रेपसीडला पुन्हा दिवस आले. २०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये शंभर वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. गव्हाने मान टाकली, पण रेपसीडने मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा बराच जास्त उतारा (हेक्टरी उत्पादन) दिला. त्या जोरावर शरदात पेराही वाढला. पूर्व इंग्लंडात तेलबियांचे नमुने तपासणं हे माझं काम, त्यामुळे शेतकरी, व्यापारी, तेलघाणीवाले सगळ्यांशी बोलणं होतं. हा उत्साह मला अर्धाच पटतो. बाकी अर्ध्यासाठी हा धागा.

आधी पिकाची ओळख. रेपसीड मोहरीच्या कुळातलं. ऑगस्टमध्ये पेरायचं, हिवाळाभर जमिनीलगत ठेवायचं, एप्रिल-मेमध्ये फुलतं, जुलैत कापणी. म्हणजे अकरा महिने रान अडकलं. दाण्यात तेल साधारण ४२ ते ४५ टक्के. इथला सौदा ४० टक्के तेल धरून होतो. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावात दीड टक्का वाढ, खाली गेलं तर तशीच कपात. त्यामुळे शेतकऱ्याला वजनाइतकंच तेलाचं प्रमाणही बघावं लागतं.

१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला तेव्हा हे अगदी किरकोळ पीक होतं. समुदायाच्या आधारभावामुळे ते फोफावलं. २०१२ मध्ये क्षेत्र साडेसात लाख हेक्टरांच्या पुढे होतं. २०१५ मध्ये हेक्टरी ३.९ टन उतारा आणि २५ लाख टनांवर उत्पादन. तेव्हा ब्रिटन रेपसीड निर्यात करायचा.

पुढचे आकडे असे. २०२० मध्ये क्षेत्र ३.८ लाख हेक्टर, उतारा २.७ टन. २०२१ मध्ये क्षेत्र ३.०७ लाखांवर घसरलं आणि उत्पादन दहा लाख टनांच्या आत आलं. २०२२ मध्ये उतारा एकदम ३.७, २०२३ मध्ये ३.१, २०२४ मध्ये २.८ च्या आसपास. २०२५ ला क्षेत्र जेमतेम २.४ लाख हेक्टर, पण उतारा चांगला.

उताऱ्याचा आलेख वरखाली होत निदान टिकून राहिलेला दिसतो, क्षेत्राचा मात्र एकंदरीत खालीच जातो. सगळे उताऱ्याकडे बोट दाखवतात. मला वाटतं क्षेत्राकडे बघायला हवं, कारण उताऱ्याच्या सरासरीत पीक फसल्यामुळे मोडलेली शेतं येतच नाहीत.

---

मांजराकाठचा

हेक्टरी टन आमच्या डोक्यात शिरत नाही हो. एकरी क्विंटल सांगा.

---

फेनलँडकर

दादा, टनाच्या आकड्याला साधारण चारने गुणा. ३.९ टन म्हणजे एकरी पावणेसोळा क्विंटल, २.७ म्हणजे अकराच्या आत, ३.७ म्हणजे पंधरा.

---

मांजराकाठचा

पंधरा! आमच्या लातुराकडं सोयाबीन एकरी सात-आठ निघालं तरी माणूस खूश असतो. आणि मागल्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात कित्येकांच्या हाती तेवढंही आलं नाही. मग पंधरा क्विंटल काढणारा तिकडचा शेतकरी पीक सोडतो कशाला? भाव नाही का?

---

फेनलँडकर

भाव आहे. पेरणीचा भरवसा नाही.

कोबीवर्गातल्या पिकांवर एक बारीक, काळा-निळा, उड्या मारणारा भुंगेरा येतो. इथे त्याला कॅबेज स्टेम फ्ली बीटल म्हणतात. रोप दोन पानांवर असताना हा पानांची चाळण करतो. ऑगस्ट-सप्टेंबर कोरडा गेला तर रोपाची वाढ थांबते आणि आठवड्याभरात अख्खं शेत उघडं पडतं. त्यातून वाचलं तर मादी बुडाशी मातीत अंडी घालते, अळ्या देठात आणि खोडात शिरतात आणि हिवाळाभर आतून पोखरतात. मार्चमध्ये फुटवा वर यायच्या वेळी कळतं की आत काही उरलेलं नाही.

पूर्वी यावर निओनिकोटिनॉइड गटातल्या कीटकनाशकांची बीजप्रक्रिया असायची, म्हणजे पेरण्याआधी बियाण्यालाच औषध लावलेलं. क्लोथियानिडिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. डिसेंबर २०१३ पासून युरोपीय संघाने मधमाश्यांच्या कारणाने फुलोऱ्याच्या पिकांवर ती बंद केली, २०१८ मध्ये उघड्या शेतातल्या सगळ्याच पिकांवर. उरलं पायरेथ्रॉइड गटातलं फवारणीचं औषध. त्याला भुंगेरा सरावलाय. फवारलं तर मित्रकीटक मरतात आणि हा जिवंत राहतो.

---

मांजराकाठचा

इमिडा, थायामेथोक्झाम आमच्याकडं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. कापसाचं तर बियाणंच लाल-गुलाबी रंगवलेलं येतं. म्हणजे तुमची दुबार पेरणीची गोष्ट आहे ही.

---

फेनलँडकर

दुबार पेरणी होते, पण रेपसीडची नाही. सप्टेंबरच्या मध्यापुढे रेपसीड पेरणं म्हणजे हिवाळ्याआधी रोप तयार न होणं. मग शेतकरी रान मोडतो, ऑक्टोबरात गहू टाकतो नाहीतर मार्चमध्ये जव. आणि माझा मुद्दा नेमका इथे आहे. सरकारची शेती-पाहणी जूनची असते. जूनला त्या रानात जव उभा असतो, म्हणून नोंद जवाची होते. बियाणं, मशागत, डिझेल हे सगळं रेपसीडवर गेलं, पण रेपसीडच्या हिशेबात ते शेत नाही.

धरून चाला, १०० हेक्टर पेरले, २० मोडले, उरलेल्या ८० मध्ये ३.७ टन निघाले. छापून येतं ३.७. पेरलेल्या हेक्टरामागे पडले २.९६.

---

सांख्यिकी_सदाशिव

मुद्दा रोचक आहे, परंतु काही शंका.

पहिली: २०२२ चा ३.७ टनांचा उतारा केवळ मोडलेली शेते वगळल्यामुळे आला असे आपणांस म्हणायचे आहे काय? त्या वर्षी हवामान अनुकूल होते. शिवाय फेब्रुवारीत युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पॅरिसच्या बाजारात रेपसीड टनाला १००० युरोंच्या वर गेले होते. इतका भाव दिसल्यावर कोणीही खताला आणि बुरशीनाशकाला हात आखडता घेणार नाही.

दुसरी: मोडलेली शेते २०१२ मध्येही असतीलच. तेव्हाही ती गणली जात नव्हती. दोष दोन्हीकडे सारखा असेल तर तुलना बिघडत नाही.

---

फेनलँडकर

पहिली शंका मान्य. २०२२ मध्ये हवामानाचा हात मोठा होता. शिवाय २०२१ च्या ऑगस्टमध्ये ओल होती, उगवण छान झाली.

दुसरीबाबत मात्र वेगळं म्हणणं आहे. मोडण्याचं प्रमाण सारखं राहिलेलं नाही. बीजप्रक्रिया असताना उगवणीनंतर रान मोडणं क्वचित व्हायचं. २०१९-२० ला भुंगेरा, मग शरदातला धो-धो पाऊस, मग कोरडा वसंत असं तिन्ही बाजूंनी आलं आणि पूर्वेकडे शेतामागून शेत मोडलं गेलं. दुसरं, जे सोडून गेले ते कोण? केंब्रिजशायर, बेडफर्डशायर, एसेक्स, सफोक या कोरड्या पट्ट्यातले, भारी चिकणमातीचे लोक. राहिले ते जास्त करून उत्तरेचे, पश्चिमेचे, ओलीचा भरवसा असणारे, किंवा ज्यांच्याकडे कोंबडीखत आहे, बारीक लक्ष द्यायला वेळ आहे असे. कच्चे गडी बाहेर गेल्यावर संघाची सरासरी सुधारणारच. त्याला पीक सुधारलं म्हणत नाहीत.

---

सांख्यिकी_सदाशिव

म्हणजे पेरलेले क्षेत्र हा छेद घ्यायला हवा. असा आकडा उपलब्ध आहे का?

---

फेनलँडकर

जवळपासचा आहे. इथे एएचडीबी नावाचं मंडळ आहे, शेतकऱ्यांच्या विक्रीवरच्या छोट्या कपातीवर चालतं. ते शरदात पेरणीच्या इराद्यांचं सर्वेक्षण करतं आणि पुढच्या वसंत-उन्हाळ्यात प्रत्यक्ष क्षेत्राचं. दोन्हीतला फरक बघितला की गळती किती ते ढोबळ कळतं. तंतोतंत नाही, कारण इरादा म्हणजे पेरणी नव्हे. पण वर्षावर्षांतला फरक त्यातून लपत नाही.

---

पोळंवाली

"मधमाश्यांच्या कारणाने" एवढ्या दोन शब्दांत विषय संपवलात. धाग्याचा सूर बंदीमुळे बिचाऱ्या शेतकऱ्याचं वाटोळं झालं असा जातोय, म्हणून लिहिते.

ब्रिटनमधल्याच पर्यावरण-जलशास्त्र केंद्राचा २०१६ चा अभ्यास बघा. इंग्लंडमधल्या ६२ जातींच्या रानमाश्या, १८ वर्षांच्या नोंदी. ज्या जाती रेपसीडवर चरतात त्यांच्यात निओनिकोटिनॉइडनंतरची घट न चरणाऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त. हे औषध रोपाच्या रसातून मध-परागापर्यंत पोचतं, मातीत राहतं, बांधावरच्या रानफुलांतही सापडतं. आणि रेपसीडला स्वतःलाही परागवहनाचा फायदा होतोच की. भुंगेऱ्यावर एकाच औषधाची सवय लावून घेतली कुणी? आलटून पालटून पीक घ्यायचं सोडून गहू-रेपसीड-गहू-रेपसीड कुणी केलं?

---

फेनलँडकर

पोळंवाली, बंदी उठवा असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुमचा शेवटचा प्रश्न तर इथले जुने शेतकरीही विचारतात. २००० ते २०१२ च्या काळात गहू आणि रेपसीड एवढ्यावरच पूर्व इंग्लंड चालला. कारण पैसा त्यातच होता. दोन रेपसीडांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर हवं, ते दोनवर आलं. भुंगेऱ्याला दरवर्षी शेजारच्या रानात जेवण तयार.

अभ्यासाबाबत एक भर. २०१७ मध्ये ब्रिटन, जर्मनी, हंगेरी अशा तीन देशांत शेतावरची मोठी चाचणी झाली. ब्रिटन आणि हंगेरीत मधमाश्यांवर वाईट परिणाम दिसला, जर्मनीत दिसला नाही. भोवताली दुसरी फुलं किती आहेत, पोळी आधीच किती निरोगी आहेत, यावर बरंच अवलंबून असावं असं संशोधकांचं म्हणणं होतं.

---

राइनकाठ

जर्मनीचं नाव निघालंच आहे तर. मी इथे आठ वर्षं राहतो, शेतीशी संबंध रविवारी सायकलवरून पिवळी शेतं बघण्यापुरता, पण बायको कृषी विमा कंपनीत आहे. तिला विचारून लिहितोय.

बंदी आम्हालाही तीच होती, भुंगेराही तोच. २०१९ मध्ये जर्मनीचं क्षेत्र साडेआठ लाख हेक्टरांपर्यंत घसरलं होतं. २०२३ पर्यंत परत साडेअकरा लाखांच्या पुढे. फ्रान्सही सावरला. मग ब्रिटनच असा गाळात का गेला? ब्रेक्झिट?

---

फेनलँडकर

हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. ब्रेक्झिटचा थेट दोष फार नाही. बंदी त्याआधीची, आणि बाहेर पडल्यावर ब्रिटनने ती कायम ठेवली. माझ्या मते कारणं चार, आणि त्यांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात वजनदार म्हणजे हिवाळा. दक्षिण-पूर्व इंग्लंडचा हिवाळा सौम्य. तुमच्याकडे थंडी कडक पडली की अंडी घालणं थांबतं, अळ्यांची वाढ थांबते. इथे डिसेंबर-जानेवारीतही हे हळूहळू चालूच असतं. आणि हिवाळे आणखी सौम्य होत चाललेत.

दुसरं औषध. पोलंडमध्ये सायअँट्रॅनिलीप्रोल या दुसऱ्या गटातल्या औषधाच्या बीजप्रक्रियेला मान्यता मिळाली आणि तिथे प्रक्रिया केलेलं बियाणं जर्मनीतही पेरलं गेलं. त्याचा उपयोग मर्यादितच आहे, पण काहीतरी हातात आहे. इथे तसा आधार फारसा नव्हता.

तिसरं फ्रान्समधलं. तिथल्या तेलबिया संस्थेने एक पद्धत चिकाटीने शेतकऱ्यांच्या गळी उतरवली: लवकर पेरा, सोबत शेंगवर्गातली पिकं पेरा, सुरुवातीलाच नत्र-स्फुरद पोचेल असं बघा आणि २० सप्टेंबरपर्यंत रोप चार पानांवर न्या. भुंगेरा जोरात यायच्या आत रोप त्याच्या तावडीतून सुटलेलं असलं पाहिजे. इथे सल्ला देणारे पन्नास आणि प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं जुलैअखेर पेर, कुणी म्हणतं सप्टेंबरात पेर.

चौथं कारण फारसं कुणी बोलत नाही: गिऱ्हाईक. जर्मनी-फ्रान्समध्ये रेपसीड तेलाचा मोठा वाटा बायोडिझेलला जातो, म्हणजे मागणीला सरकारी नियमांचा टेकू आहे. ब्रिटनच्या नियमांत टाकाऊ मालापासून केलेल्या इंधनाला दुप्पट श्रेय मिळतं, म्हणून इथलं बायोडिझेल मुख्यतः वापरलेल्या खाद्यतेलाचं आणि त्यातलं बरंचसं चीनमधून आलेलं. इथल्या शेतकऱ्याला तो टेकू नाही.

---

बेळगावचा_बंड्या

तळणीच्या तेलावर गाडी चालते आणि शेतकरी कडेला उभा. वा.

---

लेस्टरची_सुनंदा

मी शेतीतली नाही, स्वयंपाकघरातली आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये इथल्या सुपरमार्केटांत माणशी दोन-तीन बाटल्यांच्यावर तेल देत नव्हते ते आठवतंय. तेव्हा सूर्यफुलाच्या जागी रेपसीड घातलं तरी लेबल लगेच बदलायला नको अशी सवलतही दिली होती. तोपर्यंत मला पत्ताच नव्हता की साध्या "व्हेजिटेबल ऑइल"च्या बाटलीत बहुतेक वेळा रेपसीडच असतं!

प्रश्न असा. इथे बंगाली-पंजाबी दुकानांत मोहरीच्या तेलावर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" असं छापलेलं असतं. मग मोहरीच्याच कुळातलं हे रेपसीडचं तेल खायला कसं चालतं? आणि इथलं पीक कमी झालं तर ते महागणार का?

---

फेनलँडकर

सुनंदाताई, फरक इरुसिक आम्लाचा. मोहरीच्या तेलात ते भरपूर असतं, जुन्या रेपसीडमध्येही असायचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा हृदयावर परिणाम दिसल्यावर कॅनडात १९७० च्या दशकात असे वाण निघाले की ज्यांत इरुसिक आम्लही नगण्य आणि पेंडीला तिखटपणा आणणारे ग्लुकोसिनोलेटही कमी. त्यालाच कनोला म्हणतात. इथलं खाण्याचं सगळं रेपसीड त्याच धाटणीचं. भारतात पिढ्यान्पिढ्या मोहरीचं तेल खाणारे आहेतच, तो वाद वेगळा काढू.

दराचं म्हणाल तर इथल्या पिकाने बाटलीचा भाव फारसा हलत नाही. तो पॅरिसचा बाजार, कॅनडाचं पीक, पामतेल आणि खनिज तेल यांवर ठरतो. टेम्सकाठी एरिथला आणि लिव्हरपूलला मोठ्या तेलघाण्या आहेत. त्यांना वर्षभर बी हवं. इथलं मिळालं नाही की ऑस्ट्रेलियाचं, युक्रेनचं जहाज येतं. म्हणजे तुमच्या बाटलीतलं तेल ऑस्ट्रेलियात पिकलेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

---

पोळंवाली

आणि गंमत बघा, ऑस्ट्रेलिया-युक्रेनमध्ये कुठली औषधं वापरली ते कोण विचारतंय? इथल्या माश्या वाचवल्या आणि प्रश्न जहाजात भरून दुसरीकडे पाठवला. हे मी बंदीच्या बाजूने असूनही म्हणते.

---

करडईवाले_काका

सोलापूर. वय ७१.

हे सगळं वाचताना आमची करडई आठवली. रब्बीत ज्वारीत करडईचे पट्टे असत. मावा, काटे, काढणीला मजूर नाही, बाजारात पामतेल स्वस्त, असं एकेक होत लोकांनी सोडली. तरी दरवर्षी अहवालात हेक्टरी उत्पादकता अमुक टक्क्यांनी वाढली म्हणून छापून येई! पेरणारेच मूठभर उरले, तेही चांगल्या काळ्या रानातले आणि एखादं पाणी देणारे. फेनलँडकर म्हणतात ते मला बसल्या जागी पटलं.

एक हिशेब मात्र मांडतो. ब्रिटनचा उतारा साधारण ३.२ टन धरला तर तो अकरा महिन्यांचा. ३३० दिवस धरले तर दिवसाला हेक्टरी पावणेदहा किलो. राजस्थानातली मोहरी १२० दिवसांत दीड टनाच्या जरा आत. म्हणजे दिवसाला बारा किलो. भारतीय उतारा निम्मा म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी.

---

सांख्यिकी_सदाशिव

काका, हिशेब बरोबर, पण ब्रिटनमधील हिवाळ्याचे दिवस त्यात धरणे कितपत न्याय्य? तेव्हा तेथे दुसरे काहीही वाढत नाही.

---

करडईवाले_काका

रान अडकलं ना? मग धरायचं.

---

फेनलँडकर

काका, रानाच्या अडकण्यावरूनच पुढचं सांगतो, कारण भवितव्याचा धागा तिथेच आहे.

इथल्या शेतकऱ्याला रेपसीड फक्त तेलासाठी नको असतं. रेपसीडनंतरचा गहू गव्हानंतरच्या गव्हापेक्षा हेक्टरी अर्धा ते एक टन जास्त येतो. शिवाय ब्लॅकग्रास नावाचं तण पूर्व इंग्लंडात गव्हाची दशा करतं. त्यावर हिवाळ्यात प्रॉपिझामाइड हे तणनाशक मारायची संधी रेपसीडमध्ये मिळते, गव्हात नाही. रेपसीड गेलं की ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. घोडेवाल, ओट, जवस करून बघतात. एकानेही तेवढे पैसे होत नाहीत. त्यामुळे शेतकरी रेपसीडवर रुसतो, पण नातं तोडत नाही. भाव चढला आणि ऑगस्टला पाऊस झाला की परत पेरतो.

धोका मला यातच दिसतो. क्षेत्र कमी झालं म्हणून भुंगेऱ्याचं खाद्य कमी झालं, म्हणून त्याची संख्या उतरली, म्हणून २०२४ च्या शरदात रोपं वाचली, म्हणून २०२५ चा उतारा चांगला आला, म्हणून पेरा वाढला. आता खाद्य वाढलं. दोन-तीन कोरडे ऑगस्ट लागोपाठ आले तर पुन्हा तेच.

हातात काय आहे तर: सोबत बरसीम किंवा बकव्हीट (कुट्टू) पेरणं, गव्हाचं धसकट उंच ठेवणं, आपोआप उगवलेलं जुनं रेपसीड महिनाभर तसंच ठेवून भुंगेऱ्याला तिथे गुंतवणं, हिवाळ्यात मेंढ्या सोडून अळ्यांसकट पानं चारणं. प्रत्येकाने थोडा फरक पडतो. इंग्लंड सरकार सोबतपिकाला हेक्टरी ५५ पौंड आणि कीटकनाशक न मारण्याला ४५ पौंड देत होतं. शेतकऱ्यांना ते आवडलं, आणि मार्च २०२५ मध्ये त्या योजनेचे नवे अर्ज एकाएकी बंद झाले. ज्यांचे करार आहेत त्यांचं चालू आहे.

बियाणं कंपन्याही नरमल्यात. उगवण फसली तर बियाण्याचे पैसे अंशतः माफ असे सौदे आता सर्रास होतात. कंपनीच जोखीम वाटून घ्यायला तयार होते यातच मोडणाऱ्या रानांचं प्रमाण कळतं, पाहणीत दिसो न दिसो.

---

राइनकाठ

मित्रकीटकांचं काय? बायको म्हणते अळ्यांवर अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या असतात.

---

फेनलँडकर

असतात, आणि अळ्यांवरच्याच नाहीत. नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये प्रयोगासाठी पाळलेले भुंगेरे मरायला लागले म्हणून शोध घेतला, तर मोठ्या भुंगेऱ्यात अंडी घालणारी मायक्रोक्टोनस ब्रॅसिकी ही बारीक गांधीलमाशी सापडली. भुंगेरा आधी वांझ होतो, मग मरतो. पण प्रयोगशाळेतून रानात आणायला वेळ आहे, आणि घाबरून पायरेथ्रॉइड मारलं की पहिली हीच मरते.

---

मांजराकाठचा

जीएम (जनुक बदललेलं) बियाणं काढलं की मिटलं असं आमच्याकडं काही जण म्हणतात. तिकडं?

---

सांख्यिकी_सदाशिव

आपल्याकडील डीएमएच-११ या जीएम मोहरीची स्थिती आठवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या जनुकीय मूल्यांकन समितीने तिची शिफारस केली, जुलै २०२४ मध्ये त्या मंजुरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते विभागली. शिवाय ते वाण संकर सुलभ करण्यासाठी आहे, किडीसाठी नव्हे.

---

फेनलँडकर

इंग्लंडने २०२३ मध्ये जनुक-संपादनाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो पिकांसाठी लागू आहे. बाहेरचं जनुक न घालता केलेला बदल, एवढंच त्यात बसतं. भुंगेऱ्याला दाद न देणारं रेपसीड मात्र अजून कुणाच्या गोदामात नाही. मोहरीच्या नातेवाइकांत तशी लक्षणं शोधणं चालू आहे. पाच वर्षांच्या अंदाजात मी ते धरणार नाही.

उताऱ्याची क्षमता वाणांत आहे. लिंकनशायरमध्ये २०२२ ला एका शेतात हेक्टरी सात टनांच्या पुढे गेले होते, जागतिक विक्रम. म्हणजे देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. बियाण्याची ताकद कमी पडते असं नाहीच.

---

मांजराकाठचा

आता माझं ऐका. तुमच्या जूनच्या पाहणीसारखं आमच्याकडं पीक कापणी प्रयोग असतो. मंडळात ठरावीक प्लॉट निवडायचे, तिथं कापून वजन करायचं, त्यावर मंडळाचा उतारा आणि त्यावर विमा. माझं रान नाल्याकाठी, पाण्यात गेलं. प्रयोगाचा प्लॉट माळावर, तिथं बरं पिकलं. सरासरी चांगली निघाली. पैसेवारी ५० च्या वर लागली की दुष्काळ नाही. तुमच्याकडच्या मोडलेल्या रानाला निदान नुकसानभरपाई काही?

---

फेनलँडकर

नाही. इथे सरकारी पीकविमाच नाही. गारपिटीचा खासगी मिळतो, भुंगेऱ्याचा नाही. युरोपीय संघाच्या काळापासूनचं क्षेत्रानुसार मिळणारं थेट अनुदान होतं, ते फटका सोसायला पुरायचं. इंग्लंडमध्ये तेही आता जवळजवळ संपत आलंय. म्हणून पूर्वी रेपसीड फसलं तर शेतकरी पुढच्या वर्षी परत पेरायचा, आता एकदा फसलं की चार वर्षं नाव काढत नाही.

---

करडईवाले_काका

फेनलँडकर, एक आकडा सांगा. पुढच्या पाच वर्षांत काय?

---

फेनलँडकर

काका, एक नाही देणार, पट्टा देतो, आणि तो माझा अंदाज आहे, कुठल्या संस्थेचा नाही. क्षेत्र अडीच ते चार लाख हेक्टरांत हेलकावत राहील. साडेसात लाख परत दिसणार नाही. उतारा बऱ्या वर्षी साडेतीनच्या वर, वाईट वर्षी पावणेतीन. जास्त पावसाचा फटकाही विसरू नका. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींत सर्वांत ओले होते आणि २०२४ चा उतारा त्याच चिखलात गेला.

या वर्षी माझं लक्ष दोन गोष्टींवर आहे. शरदात सांगितलेल्या पेऱ्यापैकी जूनच्या पाहणीत किती उरतं, ही एक. दुसरी म्हणजे केंब्रिजशायर-सफोकच्या चिकणमातीत परत पेरलं का. तिथले लोक परतले आणि टिकले, तर मी म्हणेन पीक सावरलं. नुसत्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शेतांवर सरासरी चढली तर नाही. जूनचे आकडे ऑगस्टच्या आसपास यायला लागतात, आले की इथेच टाकतो.

---

मांजराकाठचा

टाका. एकरी क्विंटलमध्ये.